कानशिलावरची पिवळसर गाठ आणि घोड्याचा केस

प्रश्न : माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे. ती चार महिन्यांची असताना, ऐन मे महिन्यात, तिच्या डाव्या कानशिलाच्या वर केसांच्या कडेला एक लालसर पुळी उठली. घामोळे असेल असे समजून आम्ही पावडर लावत राहिलो. मुगाएवढी होती ती आता वाटाण्याएवढी झाली आहे आणि तिचा रंग पिवळसर नारिंगी झाला आहे. तिला ती दुखत नाही, खाजत नाही. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाई रोज डाळीच्या पिठाने चोळत होत्या, तरी ती कधी सुजली नाही की तिथे गांधी उठली नाही. जवळच्या डॉक्टरांनी दिलेले मलम पंधरा दिवस लावून फरक पडला नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी भिंग लावून पाहिले, चिठ्ठीवर ‘जेएक्सजी’ असे लिहिले, औषध दिले नाही आणि तीन महिन्यांनी बोलावले. मन मानेना म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले, काढून तपासायला पाठवा. यजमानांनी मोबाइलवर वाचले, त्यात रक्ताच्या कर्करोगाचा उल्लेख निघाला आणि तेव्हापासून घरात कोणाला झोप नाही. सासऱ्यांची बावन्नाव्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, म्हणून हे कोलेस्टेरॉल असावे असे नणंदेचे म्हणणे. सासूबाई म्हणतात चामखीळ आहे, घोड्याचा केस बांधला की गळून पडेल. न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी बिब्बा सुचवला. पाळणाघराने ‘इतर मुलांना लागेल’ म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी मागितली आहे आणि वाढवून घेतलेली रजा संपवून मला पुढच्या महिन्यात कामावर रुजू व्हायचे आहे. या गोंधळात गोवराची लसही पुढे ढकलली. वर्षाच्या आत जावळ काढायचे ठरले आहे, तेव्हा तिथे वस्तरा लागला तर? आणि शेवटचे, जे मी कोणालाच विचारलेले नाही : गरोदरपणी ग्रहणाच्या दिवशी मी भाजी चिरली होती. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?
स. प., विक्रोळी

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय बाकीचे सगळे कानावर पडले तरी मनात उतरणार नाही. ग्रहणाचा, विळीचा, तुम्ही गरोदरपणी काय खाल्ले आणि काय टाळले याचा या गाठीशी काहीही संबंध नाही. ही गाठ ज्या पेशींची बनते त्या आपल्या प्रत्येकाच्या शरीरात असतात. काही मुलांच्या त्वचेत त्या एके जागी का जमतात, याचे पूर्ण कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेले नाही. काही गाठींमधल्या पेशींत वाढीचे संकेत देणाऱ्या जनुकांमध्ये बदल आढळले आहेत, पण असे बदल सहसा त्या गाठीपुरतेच असतात, आईवडिलांकडून आलेले नसतात. ग्रहणात घरात बसून राहिलेल्या बायकांच्या मुलांनाही अशा गाठी झालेल्या मी पाहिल्या आहेत. हा प्रश्न तुम्ही इतके महिने एकटीने वागवलात, याचेच मला अधिक वाईट वाटले.

आता त्या चिठ्ठीवरच्या तीन अक्षरांविषयी. ‘जेएक्सजी’ म्हणजे जुवेनाइल झँथोग्रॅन्युलोमा. ‘जुवेनाइल’ म्हणजे बालवयातील, ‘झँथो’ हा पिवळ्या रंगासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलेला आणि ‘ग्रॅन्युलोमा’ म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनी एकत्र येऊन केलेला पुंजका. जंतू, मृत पेशी आणि इतर केरकचरा गिळून शरीर स्वच्छ ठेवणाऱ्या भक्षक पेशींच्या कुळातल्या काही पेशी त्वचेच्या आतल्या थरात गोळा होतात, हळूहळू स्निग्ध द्रव्य पोटात साठवून घेतात, आणि म्हणूनच सुरुवातीला लालसर असलेली पुळी काही महिन्यांत पिवळट, नारिंगी आणि पुढे तपकिरी होत जाते. तुमच्या मुलीच्या पुळीने नेमका हाच रस्ता धरला आहे. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅडमसन यांनी १९०५ साली अशा गाठी असलेल्या एका बालकाचे वर्णन केले होते, आणि आज रूढ असलेले नाव हेलविग आणि हॅकनी यांनी १९५४ मध्ये सुचवले. मधल्या काळात तिला ‘नेव्होझँथोएन्डोथेलिओमा’ असे जिभेची परीक्षा घेणारे नाव होते. यजमान मोबाइलवर अजून वाचत असतील तर ते नाव त्यांना कुठेतरी भेटेल. तो वेगळा आणि अधिक भयंकर आजार नसून हीच गाठ आहे, एवढे त्यांना सांगून ठेवा.

बहुतेक मुलांमध्ये ही गाठ पहिल्या वर्षाच्या आतच दिसते, काहींना ती जन्मतःच असते. डोके, चेहरा, मान आणि छातीपाठीचा वरचा भाग या तिच्या आवडत्या जागा. बहुधा ती एकटीच असते, आकार काही मिलिमीटरपासून साधारण २ सेंटिमीटरपर्यंत, हाताला घट्ट पण रबरासारखी. दुखणे किंवा खाजणे हे तिच्या स्वभावात नाही. ती दुर्मीळ असल्यामुळे गल्लीतल्या दवाखान्यात डॉक्टरांना ती वर्षानुवर्षे भेटत नाही, म्हणून पहिल्या डॉक्टरांनी मलम देऊन पाहिले यात त्यांचा दोष मानू नका. मुंबईच्या उन्हाळ्यात बाळाच्या कपाळावर लाल पुळी दिसली, तर शंभरातल्या नव्याण्णव वेळा ते घामोळे किंवा केसपुळीच असते.

मराठीत ‘गाठ’ हा शब्द पदराला, धाग्याला आणि लग्नालाही चालतो, पण डॉक्टरांच्या खोलीत तो उच्चारला की त्याचा एकच अर्थ ऐकू येतो, आणि मुंबईत त्या अर्थाला ‘टाटा’ हे दुसरे नाव आहे. तुम्ही पत्रात तसे लिहिले नसले, तरी घरात ‘टाटाला दाखवायचे का’ हे वाक्य एकदा तरी उच्चारले गेले असणार, असा माझा अंदाज आहे. ही गाठ कर्करोग नाही आणि कर्करोगात तिचे रूपांतर होत नाही. हे मी बाळाला न पाहता, तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांचे निदान बरोबर आहे असे धरून लिहीत आहे. तसे धरण्याला माझ्याकडे कारणेही आहेत.

पहिले कारण ते भिंग. त्या उपकरणाला डर्मोस्कोप म्हणतात. त्यातून ही गाठ पाहिली की मध्ये पिवळसर नारिंगी रंग आणि कडेने लालसर वलय दिसते. त्वचारोगाच्या पुस्तकांत या दृश्याला मावळत्या सूर्याची उपमा दिलेली आहे, आणि दादर चौपाटीवर संध्याकाळी उभे राहिलेल्या माणसाला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. दुसरे कारण तुम्ही नकळत दिले आहे. न्हाऊ घालणाऱ्या बाई रोज चोळत असूनही ती जागा कधी सुजली नाही, तिथे गांधी उठली नाही, असे तुम्ही लिहिता. लहान मुलांमध्ये साधारण अशीच पिवळट तपकिरी दिसणारी आणखी एक गाठ असते, मास्टोसायटोमा. तिच्या पेशींमध्ये हिस्टामिन भरलेले असते, त्यामुळे ती चोळली की काही मिनिटांत लाल होऊन टरारून फुगते. तुमच्या मुलीची फुगली नाही, हे तिसऱ्या डॉक्टरांकडे जाल तर त्यांनाही आवर्जून सांगा. मात्र खात्री करण्यासाठी आता पुन्हा चोळून पाहू नका, आणि डाळीचे पीठ त्या जागेपुरते तरी बंद करा. चामखीळ असती तर पृष्ठभाग खरबरीत असता, आणि तान्ह्या बाळाला चामखीळ सहसा होत नाही.

एकाने थांबा म्हटले आणि दुसऱ्याने काढा म्हटले, यावरून त्यांपैकी एक चुकला असे होत नाही. निदान डोळ्यांनी आणि भिंगाने पटले तर थांबायचे, न पटले तर तुकडा तपासायचा, आणि दुसऱ्या डॉक्टरांना ते पटले नाही इतकेच. तुकडा तपासणे म्हणजे त्या जागेपुरती भूल देऊन ३-४ मिलिमीटरचा गोल तुकडा काढणे आणि एखादा टाका घालणे. घाबरण्यासारखे त्यात काही नाही, पण व्रण राहतो आणि तो चेहऱ्याजवळ राहतो. माझे मत थांबा म्हणणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांच्या बाजूने आहे. गाठ काही आठवड्यांत दुपटीने वाढली, तिच्यावर जखम होऊन ती भरेनाशी झाली, रंग काळसर झाला किंवा अंगावर एकदम अनेक नव्या गाठी दिसू लागल्या, तर मात्र मीच तुम्हाला तुकडा तपासा असे सांगेन. उद्या तशी वेळ आलीच, तर अहवालात ‘हिस्टिओसाइट’ आणि ‘टूटोन पेशी’ असे शब्द दिसतील. हिस्टिओसाइट म्हणजे वर सांगितलेल्या भक्षक कुळातली पेशी. टूटोन पेशी म्हणजे जिच्यात अनेक केंद्रके गजऱ्यासारखी गोल मांडलेली असतात अशी मोठी पेशी, आणि ती या गाठीची ओळख मानली जाते. ‘हिस्टिओसाइट’ या शब्दावरून शोध घेतला तर ‘लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस’ नावाचा गंभीर आजार समोर येतो. अहवालात ‘सीडी१ए निगेटिव्ह’ असे लिहिलेले असते ते हा आजार नाही हे सांगण्यासाठीच.

पूर्ण काढून टाकली तर प्रश्न मिटेल, असे तुम्हाला वाटणे साहजिक आहे. पण या गाठीची गोष्ट अशी की ती काही महिने वाढते, मग आहे तेवढीच राहते, आणि त्यानंतर साधारण १ ते ५ वर्षांत, काहींच्या बाबतीत थोड्या अधिक काळात, आपली आपण चपटी होत विरून जाते. मागे थोडा गडद किंवा फिका डाग राहतो, कधी त्या जागची त्वचा जराशी पातळ आणि सैल राहते. शस्त्रक्रियेचा व्रण मात्र हमखास राहतो आणि डोके वाढते तसा तोही ताणला जातो. नऊ महिन्यांचे बाळ एवढ्या कामासाठी स्वस्थ झोपून राहत नाही, म्हणजे बहुधा पूर्ण भूल आली. एकदाच आणि थोडा वेळ दिलेल्या भुलीने बाळाच्या वाढीला अपाय झाल्याचे दिसलेले नाही, परंतु ज्या गोष्टीला घाई नाही तिच्यासाठी तीही कशाला? पापणीवर येऊन डोळा झाकणारी, पुन्हा पुन्हा रक्त येणारी, किंवा मूल शाळेत जाऊ लागल्यावरही टिकून त्याला खटकणारी गाठ काढणे योग्य आहे. तुमची तशी नाही.

सासूबाईंचा घोड्याचा केस आणि बाईंचा बिब्बा यांविषयी मला थोडे सविस्तर आणि थोडे कठोर लिहायचे आहे, कारण या पत्रातला खरा धोका मला तिथेच दिसतो. घोड्याचा केस घट्ट बांधला की देठ असलेल्या चामखिळीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती काही दिवसांनी गळते, हे मोठ्या माणसांच्या बाबतीत घडताना सासूबाईंनी खरोखर पाहिले असेल. त्यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण तुमच्या मुलीच्या गाठीला देठच नाही. ती खालून रुंद आहे आणि तिचे मूळ त्वचेच्या आतल्या थरात आहे. तिच्याभोवती केस किंवा दोरा आवळला तर गाठ गळणार नाही, कातडी कापली जाईल, त्यातून जंतू आत शिरतील, आणि कानशिलाच्या पातळ कातडीवर पिकलेली जखम हे नऊ महिन्यांच्या बाळासाठी गाठीपेक्षा कितीतरी मोठे संकट आहे. बिब्ब्याचे तर नावच काढू नका. बिब्ब्याच्या तेलाने मोठ्यांच्या राठ कातडीवरसुद्धा भाजल्यासारखे फोड येतात. पूर्वी धोबी कपड्यांवर त्याने कायमच्या खुणा करीत, त्याच तेलाची ही गोष्ट आहे. बाळाचा हात कानशिलावर आणि तिथून डोळ्यात जायला क्षण लागत नाही. चुना, सोडा, लसूण आणि चामखिळीसाठी दुकानात मिळणारी आम्लाची औषधे याच रांगेतली.

सासूबाईंना हे सांगताना माझा दाखला द्या, स्वतःच्या तोंडून सांगू नका. ‘डॉक्टरांनी तिथे काहीही लावायला बंदी केली आहे’ या वाक्याने घरात शांतता राहते. त्यांना काहीतरी करायचेच असेल, तर दर आठवड्याला बाळाची नखे कापण्याचे काम त्यांच्याकडे द्या. ओरबाडल्यामुळे या गाठीतून कधी रक्त येते, ते नखे लहान असली की टळते. आलेच, तर स्वच्छ सुती कपडा दहा मिनिटे, मध्ये उचलून न पाहता, दाबून धरायचा. हळद भरायची नाही.

कोलेस्टेरॉलची शंका नणंदेने उगीच काढलेली नाही, हे मात्र कबूल करायला हवे. ‘झँथो’ने सुरू होणाऱ्या ज्या गाठी रक्तातील चरबीमुळे येतात, त्या खरोखर असतात, मोठ्यांच्या पापण्यांवरचे पिवळे चट्टे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत, आणि आनुवंशिक कोलेस्टेरॉलच्या तीव्र प्रकारात लहान मुलांच्याही कोपरांवर, गुडघ्यांवर, नितंबांवर पिवळ्या गाठी येतात. कानशिलावर एकटी उगवलेली, आधी लाल आणि मग पिवळी झालेली गाठ त्यांतली नव्हे. जेएक्सजी असलेल्या मुलांच्या रक्तातील चरबी सर्वसामान्य असते. स्निग्ध द्रव्य त्या पेशींच्या पोटात असते, रक्तात वाढलेले नसते. बाळाच्या वरणभातावरचे तूप बंद करू नका. सासऱ्यांचा हृदयविकार बावन्नाव्या वर्षी निघाला, ही मात्र गाठीशी संबंध नसलेली, स्वतंत्रपणे लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. त्यासाठी यजमानांनी स्वतःचे कोलेस्टेरॉल आता तपासून घ्यावे, आणि मुलगी दोन वर्षांची झाली की तिच्या डॉक्टरांना हा इतिहास सांगून तिच्या तपासणीबद्दल विचारावे.

यजमानांनी वाचले ते खोटे नाही, पण त्यांनी वाक्याचा उत्तरार्ध वाचला आणि पूर्वार्ध सुटला. न्यूरोफायब्रोमॅटोसिस, प्रकार १, या नावाचा एक जनुकीय आजार आहे. हा आजार आणि जेएक्सजी दोन्ही असलेल्या मुलांमध्ये बालवयातील एका विशिष्ट रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण काही अभ्यासकांना अधिक आढळले, नंतरच्या काहींनी त्याबद्दल शंका घेतली. तो कर्करोग मुळातच इतका विरळ आहे की दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण एकाला होतो. ज्या मुलाला न्यूरोफायब्रोमॅटोसिस नाही, त्याच्या आईवडिलांनी एका गाठीवरून ही भीती बाळगण्याचे कारण नाही. तेव्हा पाहायचे काय, तर बाळाला उजेडात, सगळे कपडे काढून, अंघोळीच्या आधी एकदा नीट पाहा. कटिंग चहाच्या रंगाचे, सपाट, कडा स्पष्ट असलेले, प्रत्येकी ५ मिलिमीटरपेक्षा मोठे असे डाग सहा किंवा अधिक दिसले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचे. एक-दोन डाग कितीतरी निरोगी मुलांना असतात. तुमच्या स्वतःच्या अंगावरही एखादा निघेल. कंबरेखाली पाठीवर जन्मापासून असलेले निळसर करडे डाग यात मोजू नयेत, ते आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असतात आणि पुढे मावळतात. घरात कोणाला हा आजार असेल तर अर्थातच डागांची वाट न पाहता सांगावे. सतत निस्तेज दिसणे, न उतरणारा ताप, कारणाशिवाय काळेनिळे डाग, फुगत जाणारे पोट ही लक्षणे कोणत्याही मुलात दिसली तरी डॉक्टरांकडे न्यावेच लागते, त्यासाठी गाठ असण्याची गरज नाही.

डोळ्यांबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, म्हणून मीच विषय काढते. ही गाठ त्वचेबाहेर कुठे होत असेल तर सर्वांत अधिक वेळा डोळ्यात, बुबुळाच्या रंगीत पडद्यावर होते, आणि तसे झालेली बहुतेक मुले दोन वर्षांच्या आतली असतात. तिथे ती नाजूक असते. तिच्यातून डोळ्याच्या आत रक्त उतरते किंवा डोळ्यातील दाब वाढतो, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर दृष्टी जाऊ शकते. प्रमाण अगदी थोडे आहे, त्वचेवर गाठ असलेल्या दोनशे मुलांत एकालाही होत नाही, आणि अंगावर अनेक गाठी असलेल्या मुलांमध्ये धोका अधिक असतो. एकाच गाठीसाठी प्रत्येक बाळाला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे की नाही, यावर डॉक्टरांत दोन मते आहेत. तुमची मुलगी दोन वर्षांच्या आतली आहे, एकदा डोळे तपासून घेण्याने तिला काही त्रास होणार नाही आणि तुमची झोप परत येईल. म्हणून मी, लहान मुले नेहमी पाहणाऱ्या नेत्रतज्ज्ञांकडे तिला एकदा दाखवा, असे सांगेन. तपासणी चांगली निघाली तरी पुढे कधी एक डोळा लाल राहू लागला, त्यातून पाणी येऊन उजेड सोसेनासा झाला, दोन बुबुळांच्या रंगात फरक वाटला किंवा काळ्या भागासमोर रक्ताची रेषा दिसली, तर तीन महिन्यांच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या.

लस मात्र याच आठवड्यात द्या. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात आणि एरवी निरोगी असलेल्या मुलाला ती देण्यात या गाठीची आडकाठी नाही. २०२२ च्या अखेरीस याच शहरात, तुमच्यापासून फार दूर नसलेल्या गोवंडी भागात, गोवराची साथ आली आणि मुले दगावली, हे आपण इतक्यात विसरावे असे मला वाटत नाही. निरुपद्रवी गाठीच्या भीतीने जीवघेण्या रोगाची लस मागे राहावी, हा व्यवहार उलटा आहे.

पाळणाघराच्या ताईंनी चिठ्ठी मागितली यात त्यांचे काही चुकलेले नाही. मुलांमध्ये मोलस्कम नावाच्या, मोत्यासारख्या चकचकीत आणि मध्ये खळगा असलेल्या पुळ्या येतात, त्या खरोखर एकाच्या टॉवेलवरून दुसऱ्याला लागतात, आणि त्यांनी त्या पाहिलेल्या असतील. जेएक्सजी संसर्गजन्य नाही; स्पर्शाने, टॉवेलने, एकाच अंथरुणावर झोपण्याने ती कोणालाही होत नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडून दोनच वाक्यांची चिठ्ठी घ्या : ही गाठ संसर्गजन्य नाही, आणि तिच्यावर काहीही लावू नये व ती खरवडू नये. यातले दुसरे वाक्य पाळणाघरासाठी पहिल्याइतकेच गरजेचे आहे, कारण तिथे दुपारी तेल लावून देणारी एखादी मायाळू मावशी असतेच.

तीन महिन्यांनी बोलावले आहे, तोपर्यंत महिन्यातून एकदा फोटो काढून ठेवा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, गाठीशेजारी शाळेतली मिलिमीटरची पट्टी धरून. पुष्कळ जण शेजारी रुपयाचे नाणे ठेवतात. पण आपल्याकडे एकाच किमतीची नाणी निरनिराळ्या आकारांची निघाली आहेत, त्यामुळे पुढच्या वेळी गाठ वाढली की नाणे बदलले हेच कळत नाही. रोज बोटाने दाबून पाहणे बंद करा, रोज पाहणाऱ्याला वाढही कळत नाही आणि उतारही. त्याच त्वचारोगतज्ज्ञांकडे जात राहा. दर वेळी नवा डॉक्टर गाठलात तर प्रत्येक जण तिला पहिल्यांदा पाहील आणि प्रत्येकाला तुकडा तपासावासा वाटेल. तरीही मोठ्या रुग्णालयाचे मत घ्यायचे असेल, तर विक्रोळीहून परळ गाठणे सोपे आहे. वाडिया बालरुग्णालय आणि केईएम एकाच आचार्य दोंदे मार्गावर आहेत. टाटा रुग्णालयही तिथून चालण्याच्या अंतरावर आहे आणि रस्त्यात त्याची पाटी दिसेल. ती पाहून पोटात गोळा येऊ देऊ नका, तुम्हाला तिथे जायचे नाही. जाताना त्या चिठ्ठीची प्रत, पट्टी धरून काढलेले फोटो आणि लसीकरणाचे कार्ड एकाच फाइलमध्ये न्या, आणि पुळी प्रथम दिसली तो महिना एका कागदावर लिहून ठेवा, कारण केस पेपरच्या रांगेत दोन तास उभे राहिल्यावर तोच आठवत नाही.

राहता राहिले जावळ. ते पुढे ढकलण्याचे कारण नाही. फक्त वस्तरा फिरवू नका. केस दोन बोटांत धरून, गाठीपासून बोटभर अंतर ठेवून, बोथट टोकाच्या कात्रीने कापायचे आणि गाठीवर जे चार केस आले असतील ते तसेच राहू द्यायचे. मामाच्या मांडीवर तिला अशी बसवा की तिचा डावा कान मामाच्या छातीकडे येईल, म्हणजे ती अचानक वळली तरी ती बाजू झाकलेली राहील. न्हावी बोलावणार असाल तर तो सामान उघडण्याआधी त्याला ती जागा दाखवा. मुहूर्त असल्यामुळे सगळे घाईत असतात आणि हे सांगायचे राहून जाते.